फेस, मळी आणि चाळीस गॅलन

गेले तीन वीकएंड एका प्लॅस्टिकच्या नळकांड्याने खाल्ले. ते नळकांडं तेव्हा घरात आलेलंही नव्हतं. नुसतं कुठलं घ्यायचं हे ठरवण्यातच एवढा वेळ गेला. त्याचं नाव प्रोटीन स्किमर. खाऱ्या पाण्याच्या टाकीतली घाण फेसाबरोबर वर काढून बाजूला करणारं यंत्र. "एवढं काय ठरवायचंय त्यात? लॅपटॉप तर एका दिवसात घेतलास," इति बायको. तिचं म्हणणं खरं होतं. पण लॅपटॉप परत करता येतो, आणि तो बंद पडला तर कोणी मरत नाही.

तर आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही न्यू जर्सीत वन-बेडरूम अपार्टमेंटमध्ये राहतो. हॉलमध्ये ४० गॅलनची टाकी आहे. ३६ इंच लांब, १८ रुंद, १६ उंच, म्हणजे साधारण १५० लिटर. खालच्या कपाटात २० गॅलनची दुसरी टाकी, तिला संप म्हणतात. वरचं पाणी पाइपाने खाली येतं आणि पंपाने पुन्हा वर जातं. हीटर वगैरे दिसायला नको असलेलं सगळं सामान त्या संपमध्ये. दगडांची जागा वजा केली तर एकूण पाणी १७० लिटरच्या आसपास. रहिवासी म्हणजे दोन क्लाउनफिश (हो, तोच तो 'निमो'), एक कोळंबी, थोडे गोगलगाय-खेकडे आणि पाच-सहा प्रवाळ.

आठ महिने स्किमरशिवाय व्यवस्थित चाललं होतं. टाकी लहान, मासे दोनच, आणि दर रविवारी दहा टक्के पाणी बदलायचं. एवढ्यावर भागतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण दुकानात गेलात की पहिल्याच दिवशी स्किमर गळ्यात मारायला बघतात. पण आता प्रवाळ वाढले होते, त्यांना खायला घालणं वाढलं होतं, आणि आम्हाला अजून दोन मासे हवे होते. महिनाभर नायट्रेटचा आकडा दर आठवड्याला थोडा थोडा चढत होता. म्हणजे लोड वाढला होता. सर्व्हर बदलायची वेळ आली होती म्हणा ना.

हे यंत्र करतं काय? माशांची विष्ठा, उरलेलं अन्न, प्रवाळांचा चिकट स्राव, हे सगळं पाण्यात विरघळतं. यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. साबणासारखंच. अशा रेणूला हवेचा बुडबुडा भेटला की तो त्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो. लाखो बारीक बुडबुडे सोडले की ही घाण त्यांना लटकून वर चढते, वर घट्ट फेस होतो आणि निमुळत्या गळ्यातून वरच्या कपात सांडतो. कप ओतून दिला, विषय संपला. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत पटकन मिसळत नाहीत, बारीकच राहतात, म्हणून हे तंत्र समुद्राच्या पाण्यात छान चालतं आणि घरातल्या गोड्या पाण्याच्या टाकीत जवळजवळ चालत नाही. पावसाळ्यात मालवणच्या किनाऱ्यावर पिवळसर फेसाचे ढीग पाहिले असतील, तो हाच प्रकार.

हे सगळं मी फोनवर आईला समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "म्हणजे मामाकडं मळी काढतात तसंच की." मी गप्पच झालो. कोल्हापूरजवळ मामाचं गुऱ्हाळ होतं. काहिलीतला रस तापायला लागला की त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालायचे, मग मळी फेसाबरोबर वर यायची आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकायचा. मळी वेळेवर निघाली नाही तर गुळाचा रंग गेलाच. इथे चुलवणाऐवजी पंप आहे आणि भेंडीऐवजी हवा, पण मुद्दा तोच. घाण कुजून पाण्यात मिसळायच्या आत उचलायची. कारण एकदा का ती कुजली की तिचा आधी अमोनिया होतो, मग नायट्राइट, मग नायट्रेट. आणि यातलं काहीही स्किमर काढू शकत नाही.

बुडबुड्यांचा उपयोग टाकीसाठी करणं काही नवीन नाही. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग नावाच्या माणसाने समुद्रातून आणलेले जिवंत दगड, म्हणजे ज्यांच्या भोकाभोकांत जिवाणू आणि बारीक जीव राहतात असे दगड, आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवता येते असं लिहिलं होतं. पुढे जर्मनीतल्या हौशी लोकांनी त्याला दणकट स्किमरची जोड दिली. त्यालाच आज बर्लिन पद्धत म्हणतात. आमची टाकी त्याच वळणाची आहे. दगड जिवाणूंचं काम करतात, आणि स्किमर त्यांच्यापर्यंत पोचणारं ओझं कमी करतो.

आता निवड. इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला आणि त्याने एक स्प्रेडशीट उघडली. पहिल्या तासातच कळलं की खोक्यावरच्या आकड्यांना फारसा अर्थ नाही. '१०० गॅलनपर्यंत' असं लिहिलेलं असतं, पण १०० गॅलनमध्ये मासे किती? दोन की वीस? हे मोजायची सगळ्यांना मान्य अशी एक चाचणी नाही. प्रत्येक कंपनी आपापला आकडा देते. त्यातल्या त्यात बऱ्या कंपन्या कमी, मध्यम आणि जास्त लोडचे तीन वेगळे आकडे देतात. त्यातला मधला धरायचा.

मग शोधता शोधता कोणीतरी खरंच मोजमाप केलेलं सापडलं. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांबरोबर वेगवेगळे स्किमर लावून पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन किती कमी होतो ते मोजलं होतं. उत्तर आलं साधारण २० ते ३० टक्के. बास. बाकीचं बुडबुड्याला चिकटतच नाही, मग यंत्र कितीही भारी असू दे. आणि बुडबुडे कुठल्या पद्धतीने बनवले यानेही मोठा फरक पडलेला दिसला नाही. हे वाचल्यावर माझ्या स्प्रेडशीटमधल्या निम्म्या ओळी मी उडवल्या. स्किमर म्हणजे जादू नाही. रविवारचं पाणी बदलणं सुटणार नाही.

मग उरलं काय? उरल्या त्या चारच गोष्टी, आणि चारही अगदी घरगुती.

पहिली, जागा. संपमध्ये स्किमर उभा राहतो त्या कप्प्यातलं पाणी मी आठ इंचांवर ठेवतो. यंत्राला किती खोल पाणी लागतं हे त्याच्या माहितीपत्रकात असतं, ते जुळलंच पाहिजे. पाणी जास्त झालं तर कप पाण्याने भरतो, कमी झालं तर फेस गळ्यापर्यंत पोचत नाही. शिवाय कपाटाच्या आतली उंची मोजताना कप वर उचलून बाहेर काढायलाही जागा लागते, हे लक्षात ठेवायचं.

दुसरी, आवाज. हॉल आणि बेडरूममध्ये एकच भिंत आहे. मी घरून काम करतो तेव्हा टाकी माझ्या डेस्कपासून पाच फुटांवर असते. डीसी पंपाचे स्किमर बरेच शांत असतात आणि त्यांचा वेग कमी-जास्त करता येतो.

तिसरी, वीज. हे यंत्र चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस चालतं. १५ वॉटचा पंप वर्षाला साधारण १३१ युनिट खातो, ३५ वॉटचा ३०७. आकडा मोठा नाही, पण दर वर्षी येणारा आहे.

चौथी, हवा. हिवाळ्यात आमच्या खिडक्या बंद. दोन माणसं, गॅसवर स्वयंपाक, त्यामुळे घरात कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पाण्यात विरघळतो आणि पीएच उतरतो. समुद्राचा पीएच ८.१ च्या आसपास असतो, आमच्या टाकीचा जानेवारीत सकाळी ७.८ दिसतो. प्रवाळांना सांगाडा बांधायला हे सोयीचं नाही. स्किमर सतत हवा ओढत असतो, त्यामुळे त्याची हवेची नळी खिडकीबाहेर काढली की बाहेरची ताजी हवा थेट पाण्यात मिसळते. म्हणून हवेच्या तोंडाला साधी नळी बसेल असंच यंत्र बघायचं.

एवढं झाल्यावर यादीत दोन राहिले. एक मध्यम लोडला ६० गॅलनचा. दुसरा २०० गॅलनचा, सेलमध्ये, पहिल्यापेक्षा फक्त चाळीस डॉलर महाग. ऑफिसातला मित्र म्हणाला, "मोठाच घे. उद्या घर घेशील, मोठी टाकी घेशील, तेव्हा परत खर्च नको." आणि बायको म्हणाली, "मग डोरी पण आणता येईल."

इथे गाडी अडली. खरी चर्चा स्किमरवर नव्हतीच, हे दोघांनाही तेव्हा कळलं.

तांत्रिक उत्तर सोपं आहे. मोठ्या यंत्राचा गळाही रुंद असतो. तो भरून वर चढेल इतका फेस टिकवायला पाण्यात तेवढी घाण लागते. चार माशांच्या टाकीत ती नसते. मग फेस गळ्यात मध्येच बसतो, दोन दिवस काही येत नाही, तिसऱ्या दिवशी भसकन येतं. मोठं घेतलं की सुरक्षित, हा सर्व्हरचा नियम इथे लागू पडत नाही.

पण 'उद्या'चं काय? आमचा व्हिसा पुढच्या वर्षी संपतो. मुदतवाढ मिळेल असं वकील म्हणतो, पण ते त्याचं कामच आहे. घर घेऊ की कोल्हापूरला जाऊ की अजून तीन वर्षं याच अपार्टमेंटमध्ये राहू, हे आम्हाला माहीत नाही आणि आम्ही त्यावर बोलणं टाळत होतो. क्लाउनफिश दहा-पंधरा वर्षं सहज जगतात. हे दोघे मत्स्यपालन केंद्रात जन्मलेले आहेत, त्यांना समुद्र माहीतच नाही. उद्या जायची वेळ आली तर त्यांना नेऊन द्यायला कोणीतरी विश्वासाचं हवं. आणि डोरी, म्हणजे ब्लू टँग, तो तर फूटभर वाढणारा, दिवसभर पोहणारा मासा. आमच्या टाकीची लांबीच तीन फूट. स्किमर त्याची घाण काढेल, पण त्याला पोहायला जागा कुठून देणार?

त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही बराच वेळ बोललो. टाकीवर थोडं आणि बाकीच्यावर जास्त. शेवटी ठरलं ते असं. टाकी चाळीस गॅलनचीच राहील. मासे चारच्या वर नाहीत. डोरी नाही. आणि गावातल्या ज्या हौशी आजोबांकडून आम्ही पहिला प्रवाळाचा तुकडा आणला होता, त्यांना आत्ताच विचारून ठेवायचं की गरज पडली तर सगळं कुटुंब ते घेतील का. दुसऱ्या दिवशी बायकोनेच फोन केला. ते हो म्हणाले.

मग ६० गॅलनवाला मागवायला दोन मिनिटं लागली.

जाता जाता, पुण्यातल्या एका मित्राने हे सगळं ऐकून "मी पण करतो" असं जाहीर केलंय, त्याच्यासाठी. बाबा रे, भारतात दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, वाघाच्या शेजारी. किनाऱ्यावरून एक तुकडाही उचलायचा नाही, आणि कोणी विकत असेल तर घ्यायचा नाही. मालवणला जा, मास्क लावून पाण्यात उतर, तिथे बघ. फुकटात समुद्र हा स्वतःचा स्किमर स्वतः चालवतो :-)

नवीन यंत्राला रुळायला एक-दोन आठवडे लागतात. प्लॅस्टिकवरचा कारखान्यातला तेलकटपणा जाईपर्यंत फेस नीट धरत नाही. आमच्याकडे नवव्या दिवशी पहिल्यांदा कपात कोऱ्या चहासारखं पाणी दिसलं. आता तीन आठवडे झालेत. नायट्रेटचं चढणं थांबलंय, खिडकीतून नळी बाहेर काढल्यापासून सकाळचा पीएच ८.० दिसतो, आणि रात्री झोपताना आवाज येत नाही. कपाला वास मात्र असा येतो की विचारू नका. गळ्याला आतून चरबीचा थर बसतो, तो दर तीन-चार दिवसांनी पुसला नाही तर फेस वर चढत नाही, त्यामुळे ते काम आम्ही आळीपाळीने वाटून घेतलंय.

आज पाळी माझी. निघतो.