निळाईची पावती
तळवलीच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी आणि तिच्यापलीकडील डोंगरांत कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. कल्याण व सोपारा येथील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांच्या नोंदी तेथील शिलालेखांत आजही वाचता येतात. अजिंठ्यात मात्र व्यापाऱ्याची खूण रंगातच उमटली आहे. पाचव्या शतकातील भित्तिचित्रांतली गडद निळाई लाजवर्द या दगडाची; त्याच्या खाणी अफगाणिस्तानातील बदख्शानात. लाल-पिवळी माती जवळपास मिळे, निळा रंग शेकडो कोसांवरून येई. पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोप्यांचे परदेशी पुरुषही रंगविलेले आहेत. दगड आणणाऱ्याचे नाव कोठेच नाही. त्याच्या नफ्या-तोट्याची वही केव्हाच नाहीशी झाली. दोन मुलखांना जोडणारा रंग तेवढा उरला. व्यापाऱ्याला याहून मोठी पावती कोणती मिळावी?