तंबूबाहेरची नमाज

संगीताच्या मेळ्यात मुलाबाळांसह तीन रात्री तंबूत राहायचे, हे ऐकून अम्मींनी हातातली तस्बीह खाली ठेवली. "तिथे दारू असेल," एवढेच त्या म्हणाल्या. होतीच. बाबागाडीत झोपलेली बाळेही होती.

२०१९ चा जुलै. बहीण बर्मिंगहॅमला राहते. तिच्या कुटुंबासोबत मी विल्टशायरमधल्या चार्लटन पार्कला 'वोमॅड' महोत्सवासाठी गेले. देशोदेशीचे संगीत एका जागी आणणारा हा महोत्सव १९८२ पासूनचा. १९८५ मध्ये मर्सी बेटावर याच महोत्सवात नुसरत फतेह अली खान यांची कव्वाली झाली होती. दुल्हेभाईंची ओढ तीच.

आमची अडचण निराळी. तिथे जुलैत मगरिब रात्री नऊनंतर, इशा त्याहून उशिरा, आणि फजरसाठी पाचच्या आत उठायचे. वुजू सार्वजनिक नळावर, रांग लावून. किब्ला आग्नेयेला, पश्चिमेची सवय असलेल्या मला ते शेवटपर्यंत अवघड वाटले. तंबूत ताठ उभे राहता येईना, म्हणजे नमाज उघड्यावरच.

तेरा वर्षांचा भाचा अडून बसला. "खाला, सगळे बघतात." रागावण्यात अर्थ नव्हता. वर्गात रोज पाहते, या वयात चारचौघांत वेगळे दिसण्याचीच धास्ती असते. दुल्हेभाई काही न बोलता जानमाज घेऊन बाहेर गेले.

नंतर शेजारच्या तंबूतल्या बाईंनी विचारले, हा योगाचा प्रकार का? आम्ही मोठे शब्द जुळवत होतो, तोवर भाचाच पुढे होऊन सांगू लागला.