सहलीतली सगळी माणसे

आम्ही सहलींचे व्हिडिओ शूटिंग करतो. २०१५ सालापासून आम्हा नवरा-बायकोचा हाच धंदा आहे आणि यावरच घर चालते. कॅमेरा एकाकडे असतो, माईक आणि नावांची वही दुसरीकडे. चार पाहुण्यांत हे सांगितले की एक प्रश्न ठरलेला असतो. "आता ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आहे. तुम्हाला कोण बोलावतं?" प्रश्न रास्त आहे. धंदा करू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही तो पडेल, म्हणून अनुभवाचे चार शब्द लिहीत आहोत.

जगात या धंद्याची रूपे अनेक आहेत. काश्मीरात गुलमर्गला किंवा मनालीजवळ सोलंगला लोक पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायला जातात. त्यांचे चित्रण करून देण्यावर तिथे काही जणांचे पोट भरते. आमच्या जालन्यात बर्फ पाहायचा तो रसवंतीवर. पण माणूस वर्षातून एकदा घराबाहेर पडतो, खूश होतो आणि तो दिवस जपून ठेवावा असे त्याला वाटते, हे सगळीकडे सारखेच.

आमची सुरुवात लग्नांपासून झाली. नव्वद सालानंतर खांद्यावरचे व्हीएचएस कॅमेरे जिल्ह्यात लग्नालग्नांतून दिसू लागले. एकाच्या खांद्यावर कॅमेरा आणि मागे हॅलोजनचा दिवा धरून वायर सांभाळणारा पोरगा. आमच्यातला एक म्हणजे तो वायरवाला पोरगा. दिव्याने हात भाजायचे, पण प्रकाश कुठून घ्यावा, नवरीच्या आईकडे कॅमेरा कधी वळवावा, हे तिथेच शिकायला मिळाले. पुढे छोट्या टेप आल्या, मग डीव्हीडी, मग मेमरी कार्ड.

लग्नाच्या धंद्याची अडचण अशी की तो चार महिन्यांचा असतो. आपल्याकडे मुहूर्ताची अट नाही, तरी लग्ने उन्हाळ्यातच निघतात. मुलांना सुट्टी तेव्हाच असते आणि अंबड, घनसावंगी, मंठा भागातली ऊसतोडीला गेलेली माणसे तेव्हाच गावी परतलेली असतात. राहिलेले आठ महिने काय खायचे? त्या आठ महिन्यांत आम्ही पाहिले, की बचत गटांच्या महिला, शाळेचे जुने सोबती, कारखान्यातले कामगार वर्गणी काढून, टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून अजिंठा, वेरूळ, लोणार, नागपूरला जातात. लग्नात शूटिंगवाला असतो, सहलीत का नसावा, इथून विचार सुरू झाला.

भांडवलासाठी २०१४ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत अर्ज केला. दोन लाखांचा प्रकल्प होता. त्यात बँकेचे ७५ टक्के म्हणजे दीड लाख, महामंडळाचे २० टक्के म्हणजे ४० हजार आणि आमचे ५ टक्के म्हणजे १० हजार. एका बँकेत सात महिने हेलपाटे घालावे लागले. "सहलीचे शूटिंग हा काय धंदा आहे?" असे तिथले साहेब विचारत. शेवटी कॅमेरा, तिपाई, दोन कॉलर माईक आणि संगणक घरात आला.

पहिली सहल बदनापूर तालुक्यातल्या एका बचत गटाची, सतरा जणींची. दिवसाचे साडेचार हजार ठरले. माणशी पावणेतीनशेच्या आतच आले. आमचे जेवण त्यांच्या डब्यात. भोकरदन, सिल्लोडवरून अजिंठ्याला गेलो. तिथे पहिल्यांदा कळले, की हे काम लग्नापेक्षा वेगळे आहे. लेण्यांत फ्लॅश आणि दिवे चालत नाहीत, कारण प्रखर उजेडाने चित्रांचे रंग उतरतात. व्हिडिओ कॅमेऱ्याचे २५ रुपयांचे वेगळे तिकीट काढावे लागते. तिपाईला आधी परवानगी लागते. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे सहल ठरवतानाच लोकांना सांगावे लागते. आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर थांबते, पुढचे चार किलोमीटर एस. टी. महामंडळाच्या बसने जायचे. त्या बसमधल्या गप्पा टिपायच्या तर माईक आधीच लावलेला हवा.

अंधारात चित्र धूसर येते, पण आवाज येतो. म्हणून आम्ही आवाजावर जास्त मेहनत घेतो. वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, तिथे कमानदार छतामुळे आवाज घुमतो. तिथे वंदना म्हटली की घरी ऐकताना अंगावर काटा येतो. दुसरी पद्धत नावांची. सकाळी गाडी निघण्याआधी प्रत्येकाने कॅमेऱ्यासमोर नाव, गाव आणि काम सांगायचे. सुरुवातीला बाया लाजतात. "आमचं काय काम, मजुरी," म्हणतात. मग कोणती मजुरी, असे विचारले की बोलत्या होतात.

त्या पहिल्या सहलीत ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, पुढे उभा जन्म दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला. सव्वीस नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची भली थोरली मूर्ती आहे, एका कुशीवर निजलेली. आजी पायथ्याशी टेकल्या, दगडाकडे नीट पाहिले आणि नातीला म्हणाल्या, "हे फोडणाऱ्याला रोज काय पडत असंल गं?" सगळ्या हसल्या. आजी हसल्या नाहीत. खडीचा रोज त्यांना किती मिळे, ब्रास कशी मोजत, मुकादम माप कसे मारी, हे त्यांनी तिथेच बसून सांगितले. तीन-चार मिनिटांचे बोलणे असेल.

दोन वर्षांनी आजी गेल्या. त्यांच्या घरात त्यांचा फोटो होता तो फक्त आधार कार्डावरचा. मुलगा आमच्याकडे आला आणि डीव्हीडीची आणखी एक प्रत मागितली. जलदान विधीच्या दिवशी त्यांनी ती लावली. ज्या घरात आजोबा-पणजोबांचा एकही फोटो नाही, अशी घरे आपल्या वस्तीत किती आहेत ते मोजायला नको. पणजोबा कसे दिसत, हे कोणी सांगू शकत नाही, मग ते कसे बोलत हे कोण सांगणार? त्या दिवसापासून हा धंदा आम्हाला निव्वळ करमणुकीचा वाटेनासा झाला.

आता मोबाईलचे. मुंबईत गेट वे ऑफ इंडियावर पर्यटकांचे फोटो काढणारे फोटोग्राफर आहेत. रोलचा जमाना गेल्यावर त्यांनी डिजिटल कॅमेरे घेतले, जागेवर प्रिंट द्यायला लागले, तरी मोबाईलने त्यांचे काम फार कमी केले. आमच्यावरही तेच आले असते. पण आम्ही लोकांचे मोबाईल पाहिले. एका सहलीचे चारशे फोटो असतात आणि त्यात फोटो काढणारा नसतो. डबे वाढणारी आई नसते, कारण ती वाढत असते. म्हातारी माणसे मागे राहिलेली असतात. बोलणे तर नसतेच. मोबाईल पडला, चोरीला गेला की सगळेच जाते. म्हणून आम्ही लेणी कमी आणि माणसे जास्त घेतो. चाळीस मिनिटांच्या फिल्ममध्ये गाडीतला प्रत्येक माणूस दिसला आणि बोलला पाहिजे, हा आमचा नियम. नावांच्या वहीवर खूण केल्याशिवाय संकलन संपत नाही. एका दिवसाच्या शूटिंगला चार दिवस संगणकापुढे बसावे लागते.

या नियमाची किंमतही मोजावी लागली. एक टूरवाला आम्हाला वर्षाला चौदा सहली देत असे. म्हणजे ६३ हजार रुपये. एका सहलीत बसमध्ये महिला आणि मुली गाणी लावून मनसोक्त नाचल्या. तेवढा भाग आपल्या जाहिरातीसाठी मोबाईलवर फिरवायला द्या, असा त्याने आग्रह धरला. आम्ही महिलांना विचारले, त्या नाही म्हणाल्या. फिल्म ज्यांची आहे त्यांनाच मिळेल, हे पैसे घेताना आम्ही वहीत लिहून देतो. म्हणून आम्हीही नाही म्हटले. त्याने काम बंद केले. कर्जाचा हप्ता चालूच होता. आठ महिने आमच्यातल्या एकाने सळईच्या कारखान्यात रात्रपाळी केली, दुसरीने शाळेचे गणवेश शिवले. पुष्कळ जण म्हणाले, एवढे काय होते, चार सेकंदांचा तर नाच होता. पण घराबाहेर पडून एक दिवस मोकळेपणाने हसणाऱ्या बाईला, उद्या हे गावभर फिरेल अशी धास्ती पडली तर ती पुन्हा कॅमेऱ्यासमोर हसेल का? आणि नाही हसली तर आम्ही विकायचे काय?

गाडीच्या ड्रायव्हरकडून ही हकिकत त्या महिलांना कळली. त्यांच्या गटाने पुढच्या वर्षी आम्हालाच बोलावले, मग शेजारच्या गावच्या गटाने. चौदा सहली भरून यायला दोन वर्षे लागली. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून नागपूरच्या सहली वाढल्या आहेत. दीक्षाभूमीला पहिल्यांदा जाणारी माणसे आम्हाला आवर्जून नेतात.

ज्यांना या धंद्यात यायचे आहे त्यांनी आधी एक हंगाम एखाद्या शूटिंगवाल्याच्या हाताखाली काढावा. उद्यम नोंदणी करावी, तिला पैसे लागत नाहीत. पैसे मागणारा भेटला तर तो दलाल समजावा. ड्रोनच्या नादी लागू नये. २५० ग्रॅमवरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते आणि लेण्यांवर तर विनापरवाना तो उडवताच येत नाही. त्यापेक्षा चांगला माईक घ्यावा. प्रत्येक सहलीच्या दोन प्रती आपल्याकडे वेगवेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात, कारण लोक पाच वर्षांनी, घरात माणूस गेल्यावर मागायला येतात. त्या वेळी त्यांच्याकडून प्रतीचे पैसे घेऊ नयेत. आणि गाडी निघण्याआधी वहीत पहिले नाव ड्रायव्हरचे लिहावे. तो दिवसभर सगळ्यांच्या बरोबर असतो आणि नेमका तोच राहून जातो.