शिरवळ ते सातारा

२०२२ च्या नाताळच्या सुटींत आमच्या शाळेचे सहा आजी-माजी विद्यार्थी आणि सहा अंध सोबती अशा बारा जणांनीं पुण्याहून पणजीपर्यंत जोडसायकलींवर प्रवास केला, हें वार्षिकाच्या वाचकांच्या कानीं आलेंच असेल. एका अंध विद्यालयास ब्रेल छपाईचें यंत्र घेऊन देण्यासाठीं वर्गणी गोळा करावी, हा त्या प्रवासाचा हेतु. सगळी हकीकत लिहूं म्हटलें तर संपादकमहाशय आम्हांस तितकी जागा देणार नाहींत. म्हणून दुसऱ्या दिवसाचीच, शिरवळ ते सातारा ह्या सुमारें साठ किलोमीटरांची, येथें देतों.

जोडसायकल ज्यांनीं पाहिली नसेल त्यांच्यासाठीं चार शब्द. हिला चाकें दोनच, परंतु बैठकी दोन आणि पायडलांच्या जोड्याही दोन. पुढच्याच्या हातीं वळविण्याचा दांडा, ब्रेक आणि गिअर. मागच्यास नुसती धरावयास मूठ. दोन्ही जोड्या एका साखळीनें जखडलेल्या असल्यामुळें एकाचा पाय थांबला कीं दुसऱ्याचाही थांबतो, आणि एकानें अंग चोरलें कीं तें दुसऱ्याच्या तळपायास तत्काळ कळतें. ह्या वाहनावर आळस लपवितां येत नाहीं. (वर्गांतील बाकांस अशी साखळी असती तर कित्येकांचें कल्याण झालें असतें!) पुढच्यानें एक काम मात्र अखंड करावयाचें असतें, तें तोंडाचें. ‘खड्डा’, ‘गतिरोधक’, ‘पाय सैल’, ‘गिअर बदलतों’, ‘डावें वळण’, हें सारें आधीं सांगावें लागतें. नाहीं तर मागच्याच्या कंबरेस धक्का बसतो आणि पुढच्याच्या कानांस.

शिरवळहून सहाच्या सुमारास निघालों. थंडी अशी कीं ब्रेकवरचीं बोटें आपलीं कीं परक्याचीं हें कळेना. ऊंस भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ह्यांच्या रांगेंतून वाट काढीत खंडाळ्यास (हें सातारा जिल्ह्यांतलें खंडाळें, बोरघाटांतलें नव्हे) पोहोंचलों, तों ऊन वर आलें. येथें चहा झाला आणि एक वादही झाला.

सामानाच्या टेंपोबरोबर आलेले एक वडीलधारे काका म्हणाले, ‘पुढें खंबाटकीचा घाट आहे. मालमोटारींची वर्दळ फार. अंध मुलांस टेंपोंत घेतों; तुम्ही सायकली वर चढवा. माथ्यावर तीं पुन्हां बसतील.’ काकांची भीति खोटी नव्हती. आम्ही पुढचे सहाही जण गप्प राहिलों, कारण ह्या प्रश्नाचें उत्तर देणें आमच्याकडे नव्हतें. तें दिलें आमच्या खजिनदारांनीं. हे जन्मांध, पुण्यास महाविद्यालयांत शिकतात, आम्हां सर्वांहून वडील म्हणून आम्ही त्यांस दादा म्हणतों. दादा म्हणाले, ‘काका, मालमोटारीला आंधळा आणि डोळस हा भेद कळत नाहीं. घाट धोक्याचा असेल तर बाराही जणांस टेंपोंत घ्या, मी चकार शब्द काढणार नाहीं. पण सहाच उतरले तर पंचाईत आहे. पावतीपुस्तकावर ‘बारा जणांचा सायकलप्रवास’ असें छापून बसलों आहों, तें खोडून कोण देणार?’

काकांनीं पेला खालीं ठेवला, बराच वेळ घाटाकडे पाहिलें, आणि टेंपो मागें ठेवून, त्याचे दिवे लावून, सर्वांनीं एका ओळींत कडेकडेनें चढावें असें ठरविलें.

त्या वेळीं ह्या घाटाची एक सोय अशी होती कीं पुण्याकडे येणारीं वाहनें बोगद्यांतून जात आणि साताऱ्याकडे जाणारीं तेवढीं घाट चढत. त्यामुळें समोरून कोणी येण्याचें भय नव्हतें. जोडसायकल सपाटीवर एकट्या सायकलीस मागें टाकते, कारण जोर दोघांचा आणि वाऱ्याशीं झगडणें जवळजवळ एकाचेंच. चढावर मात्र ती म्हशीसारखी चालते. सर्वांत हलका गिअर लावला तरी दोघांचे पाय एका तालांत पडले नाहींत तर ती डगमगूं लागते. ताल धरण्यासाठीं मागच्या मंडळींनीं पाढे म्हणण्यास आरंभ केला. एकोणतीसाचा पाढा खंबाटकींत फार चांगला चालतो. तो मुळांतच इतका अवघड कीं दम लागल्याचें भान राहत नाहीं. एका वळणावर दादा म्हणाले, ‘आतां माथा जवळ आला.’ आम्हांस तर समोर डोंगराचा कडाच दिसत होता. ‘वारा पलीकडचा येतो आहे,’ ते म्हणाले. अंधांचे कान देवानें अधिक तीक्ष्ण केलेले असतात, असें कोणीसें म्हटलें, त्यावर ते हंसून म्हणाले, ‘कान तेच आहेत रे. तुम्हांला त्यांचें काम पडत नाहीं, इतकेंच.’

उतार चढाहून कठीण. दोघांच्या भारानें सायकल सुटते आणि सारखा ब्रेक दाबला तर चाकाची कड तापते. म्हणून दोनदां थांबून ती निववावी लागली. अशा प्रवासाविषयीं लिहिणारे पुढच्यांच्या जबाबदारीचें फार कौतुक करतात. आमच्या हातीं निदान ब्रेक होता. मागच्याच्या हातीं कांहीं नसतें. आणि तरी सहांपैकीं एकानेंही ‘हळू’ म्हटलें नाहीं. एकानें ‘आणखी जोरांत’ म्हटलें, तो सर्वांत लहान, इयत्ता नववींतला.

घाट उतरून पुढें एका गांवीं सत्काराची व्यवस्था होती. मांडवांत खुर्च्या सहाच. हार आणि नारळ आम्हां पुढच्यांस मिळाले, आणि वक्त्यांनीं आम्हांस ‘अभागी बांधवांस खांद्यावर घेऊन निघालेले श्रावणबाळ’ ही पदवी दिली. श्रावणानें आईबापांकडून पायडलें मारून घेतलीं नव्हतीं, हें त्यांस कोणी सांगावें! चहा आला तेव्हां आम्हांस विचारण्यांत आलें, ‘हे साखर घेतात का?’ हे म्हणजे दादा. ते हातभर अंतरावर उभे होते.

एका उदार गृहस्थांनीं पांच हजार रुपये काढले; परंतु ते अंधाच्या पसरलेल्या ओंजळींत पडतांना छायाचित्र निघावें अशी त्यांची इच्छा होती. असे पैसे घ्यावे कीं न घ्यावे, ह्यावर आम्ही आदल्या रात्रीं तासभर भांडलों होतों आणि निकाल लागला नव्हता. दादांनीं ओंजळ केली नाहीं. त्यांनीं एक हात पुढें केला. दुसऱ्या हातांत पावतीपुस्तक होतें. नव्या नोटांपैकीं शंभराची १४२ मिलिमीटर लांब, दोनशेंची १४६, पांचशेंची १५०. रुंदी तिघींची सारखीच. उठावाच्या खुणा असतात, पण हातोहातीं फिरून त्या झिजतात. तेव्हां सारा हिशेब चार मिलिमीटरांवर. त्यासाठीं दादा खांचा पाडलेली पुठ्ठ्याची एक पट्टी खिशांत बाळगतात. त्यांनीं प्रत्येक नोट पट्टीस लावून मोजली, गृहस्थांचें नांव विचारलें, आमच्याकडून पावती लिहवून घेतली आणि खालीं स्वतः सही केली. छायाचित्र निघालें तें ह्याचें.

मग ते म्हणाले, ‘साहेब, दोन मिनिटें मागच्या बैठकीवर बसून पाहतां का?’ मांडवाशेजारच्या मोकळ्या रस्त्यावर गृहस्थ खरोखरच बसले, आणि शंभर-दीडशें पावलें जाऊन परत आले ते घामानें डबडबून. उतरल्यावर त्यांनीं विचारलें, ‘हे रोज इतकें चालवितात?’ विचारलें तें आम्हांसच. ‘रोज साठ-सत्तर किलोमीटर,’ दादांनीं उत्तर दिलें.

पुढच्या सपाटीवर ह्याच गोष्टीवर बोलणें चाललें. हिंदुस्थानांत अंधांची पहिली शाळा १८८७ सालीं अमृतसरास मिस ॲनी शार्प ह्यांनीं काढली. मुंबईस १९०० सालीं, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड ह्यांनीं अंध मुलांची शाळा सुरू केली. २०१६ च्या कायद्यानें तर दया हा शब्द बाजूस ठेवून हक्काचीच भाषा लिहिली आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखून ठेवण्यास सांगितलें. एवढें होऊनही साखरेचा प्रश्न शेजाऱ्यासच विचारला जातो. दादांस ह्याचा राग येत नाहीं का, असें आम्हीं विचारलें. ‘येतो,’ ते म्हणाले, ‘पण यंत्राला पैसे कमी पडतात.’

भुईंजला कृष्णा ओलांडली. मळीचा दर्प आला तशी मागच्या बैठकींवरून ‘कारखाना, कारखाना!’ अशी आरोळी उठली. धुराडें आम्हांस मागाहून दिसलें. अजिंक्यतारा दिसूं लागला तेव्हां सांगण्याची पाळी आमची होती. पांच वाजतां सातारा गांठलें.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर दादा ब्रेलची पाटी घेऊन हिशेबास बसले. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोंचावें लागतें. कागद उलटला कीं तेंच डावीकडून उजवीकडे वाचावयाचें. आमची बेरीज वहींत, त्यांची बोटांखालीं, दोन्ही जुळल्या. उद्यांचा टप्पा कऱ्हाडचा आणि उठावयाचें साडेपांचास, म्हणून आम्हीं दिवा मालवला. टोंचण्याची टकटक मात्र बराच वेळ ऐकूं येत होती. दादांच्या कांहीं नोंदी राहिल्या होत्या.