आता कुणी आत जायचं नाही

आपल्या अंकात क्रिकेटवर नेहमीच काही ना काही येतं, म्हणून या वेळी कबड्डीवर लिहितोय. तेही सगळ्या खेळावर नाही, फक्त शेवटच्या पाच मिनिटांवर.

आमच्या निपाणी-बेळगाव भागात जत्रेला, शिवजयंतीला कबड्डीच्या स्पर्धा भरतात. पोस्टर अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये. संघ कागल, गडहिंग्लज, चिकोडी, संकेश्वर अशा सगळ्या बाजूंनी येतात. कोगनोळीचा नाका ओलांडताना आपण दुसऱ्या राज्यात खेळायला चाललोय असं कुणाच्या मनातही येत नाही. या स्पर्धांत एक गोष्ट मी तीस वर्षं बघतोय. एखादा लहान गावाचा संघ मोठ्या संघाला बरोबरीने टक्कर देतो, चार-पाच गुणांनी पुढे जातो, आणि शेवटची पाच मिनिटं उरली की खेळायचंच थांबवतो. चढाईला जाणारा निदान रेषा ओलांडून तसाच मागे फिरतो. बाहेरून सगळे ओरडत असतात, ‘वेळ काढ, वेळ काढ!’

आमच्या संघाने हेच केलं होतं. साल १९९६. कॅप्टन माझा चुलत भाऊ, मला सात वर्षांनी मोठा, तंबाखूच्या वखारीत कामाला. त्याला सगळे दादाच म्हणायचे. समोर कोल्हापूरकडचा नावाजलेला संघ, आम्ही पाच गुणांनी पुढे आणि सहा मिनिटं बाकी. दादाने सगळ्यांना जवळ घेऊन सांगितलं, “आता कुणी आत जायचं न्हाई. रेष ओलांडायची आणि मागं यायचं.” मी तेव्हा संघात सगळ्यात लहान. दादाचा शब्द म्हणजे शब्द.

पुढे काय झालं त्याचा हिशेब सोपा आहे. कबड्डीत बाद झालेला खेळाडू आपला संघ समोरचा गडी बाद करतो तेव्हा परत येतो. म्हणजे रिकाम्या चढाईत नुसता गुण जात नाही, आपली माणसंही बाहेरच बसून राहतात. ते एकेकाला बाद करत गेले. आम्ही सातचे पाच, पाचाचे तीन झालो. शेवटी लोण बसला. सात गडी आणि लोणाचे दोन, असे नऊ गुण त्यांचे, आमचा एकही नाही. पाच गुणांनी पुढे होतो, चार गुणांनी हरलो. गावात परतलो तर कुणी दादाला बोल लावला नाही. ‘समोरचा संघच मोठा होता,’ एवढंच सगळे म्हणाले. पुढच्या वर्षी निम्मी पोरं गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लागली आणि संघ मोडला.

बोल लावला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. धाडस करून पकडला गेलेल्या पोराचं नाव महिनाभर पारावर निघतं. सावध राहून हळूहळू हरलेल्याचं नाव कुणी घेत नाही. अशा वेळी प्रशिक्षक काय सांगणार? माझ्या मते सावधपणाचा हा सल्ला बऱ्याचदा सामना जिंकण्यासाठी नसतोच, बोलणी टाळण्यासाठी असतो.

तुमच्यापैकी जे अमेरिकेत आहेत त्यांनी हे तिकडच्या फुटबॉलमध्ये पाहिलं असेल. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, आणि चौथ्याला बहुतेक संघ चेंडू लाथेने लांब टोलवून मोकळे होतात. बर्कलेचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी व्यावसायिक सामने तपासून २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. संघ गरजेपेक्षा फार जास्त वेळा चेंडू टोलवतात, प्रत्यक्षात चौथा प्रयत्न खेळणंच फायद्याचं असतं, असं त्यात निघालं. नंतर काही महिन्यांतच, १ जानेवारी २००७ ला, बॉइझी स्टेट या तुलनेने लहान कॉलेजच्या संघाने बलाढ्य ओक्लाहोमाविरुद्ध जादा वेळेत एक गुण पिछाडीवर असताना बरोबरीची सोपी किक मारली नाही. दोन गुणांसाठी डाव टाकला आणि ४३-४२ असा सामना घेतला. खेळ लांबला असता तर ताकद कुणाची जास्त, हे दिसलंच असतं.

आपल्या कबड्डीतलं उदाहरण हवं असेल तर २०१६ ची विश्वचषक स्पर्धा आठवा. अहमदाबादला पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला ३४-३२ ने हरवलं. उत्तरार्धात कोरिया मागे होता, पण त्यांचा जँग कुन ली शेवटच्या मिनिटांतही गुण घ्यायलाच आत शिरत होता.

वेळ काढणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही हं. चढाईला तीस सेकंद मिळतात, ती पुरती वापरावीत. पंचवीस सेकंद त्यांना नाचवा आणि मग हात मारा. वेळ खाणं वेगळं आणि गुण सोडणं वेगळं. नियमांचाही कल धाडसाकडेच आहे. तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड केली तर एक गुण जास्त मिळतो. आपल्याकडे तिला अव्वल पकड म्हणतात. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिसऱ्या चढाईचा नियमही सगळ्यांना पाठ झालाय: सलग दोन रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर बाद.

हे सगळं आता सुचायचं कारण दादाची मुलगी. ती बेळगावला कॉलेजात शिकते आणि चढाई करते. गेल्या हिवाळ्यात संकेश्वरजवळ तिचा सामना होता; मी आणि दादा गाडीने गेलो होतो. तीन मिनिटं उरली, तिचा संघ दोन गुणांनी पुढे. आधीची चढाई रिकामी गेलेली. तिची पाळी आली तेव्हा दादा माझ्या शेजारी उभं राहून ओरडत होता, “सांभाळून गं, परत ये!” ती परत आली नाही. सात गडी समोर होते, म्हणून बोनस घ्यायला शिरली आणि उजव्या कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला. पुढच्याच चढाईत समोरच्यांनी दोन गडी टिपले. सामना एका गुणाने गेला.

मैदानावर तिला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. जिंकलेला सामना घालवला, असा सगळ्याचा सूर. गाडीत बराच वेळ कुणी बोलेना. मग तीच म्हणाली, “पप्पा, ही रिकामी सोडली असती तर तिसऱ्याला जावंच लागणार हुतं की. तेव्हा त्यास्नी ठाऊक असतं, मी आत येणारच. आत्ता ठाऊक नव्हतं.”

मला तिचं पटलं आणि मी तसं सांगितलंही. निकाल उलटा लागला म्हणून हिशेब चुकीचा ठरत नाही. दादा म्हणाला, “तू गप बस, तुझं काय जातंय.” तेही खरंच. पोरीचा विद्यापीठाच्या संघासाठी विचार चालला होता आणि निवड करणारे त्या दिवशी मैदानावर हजर होते. सांभाळून खेळली असती तर निदान कुणाच्या डोळ्यांवर आली नसती, असं बापाला वाटणारच.

हायवेला चहाला थांबलो. दादाने भडंग मागवलं, त्यातले सात शेंगदाणे वेचून टेबलावर ओळीने मांडले आणि तिला विचारलं, “कोपऱ्यातली कुठं हुती?” तिने शेवटचा शेंगदाणा बोटाने दोन इंच मागे सारला.