बांधणीत न गेलेला अंक

गेल्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये जपून ठेवलेली एक पारदर्शक प्लॅस्टिकची चपटी पेटी होती. आत एक अमेरिकन कॉमिक आणि वरच्या पट्टीवर दशांशातला एक आकडा. मी हात पुढे करताच तो म्हणाला, ‘काका, हे उघडायचं नाही. उघडलं की किंमत गेली.’ न उघडायचे पुस्तक ही कल्पना मराठीच्या प्राध्यापकाला तशी अपरिचित नसते. अभ्यासक्रमातली कितीतरी पुस्तके आम्ही याच निष्ठेने बंद ठेवतो. पण त्यासाठी कोणी पगारातून पैसे साठवतो, हे मला नवे होते.

मग त्याने मला हा व्यवहार समजावून सांगितला. कॉमिक किती जुने यापेक्षा त्यात कोण पहिल्यांदा अवतरले याला मोल असते. जून १९३८च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला. दहा सेंटांच्या त्या अंकाची एक प्रत २०२४मध्ये साठ लाख डॉलरला विकली गेली. स्पायडरमॅन १९६२मध्ये ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकात, म्हणजे एका बंद पडणाऱ्या मासिकाच्या शेवटच्या अंकात आला, आणि तोच अंक आज सोन्यासारखा जपतात. प्रत तपासणाऱ्या कंपन्या असतात. त्या दहापैकी गुण देतात आणि प्रत प्लॅस्टिकमध्ये कायमची बंद करतात. पानाचा दुमडलेला कोपरा, गंजलेली पिन, मुखपृष्ठावर पेनाने लिहिलेले नाव, कापलेले कूपन, छाटलेल्या कडा या प्रत्येक गोष्टीला गुण कमी. थोडक्यात, वाचकाच्या प्रत्येक खुणेचा दंड.

ऐकताना मला बाबूराव अर्नाळकर आठवत होते. त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड महाराष्ट्रभरच्या वाचनालयांतून हातोहात फिरले आणि फिरता फिरताच झिजून गेले. झुंजार पहिल्यांदा कोणत्या पुस्तकात आला, असा प्रश्न आमच्या एम. ए.च्या प्रश्नपत्रिकेत कधी येत नाही. तुकोबांच्या पाठभेदांवर तावातावाने बोलणारे आम्ही, लोकांनी खरोखर वाचलेल्या पुस्तकांच्या पहिल्या प्रतींबाबत पूर्ण निर्विकार असतो. असो.

पुतण्या सहज बोलून गेला, ‘आपल्या घरी इंद्रजाल होती ना? बहादूरचा पहिला अंक राहिला असता तर, काका!’ दादा समोर बसून चकली खात होता. त्याने मान वर केली नाही.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने सुरू केले. आरंभीचे बत्तीस अंक केवळ फँटमचे. मराठीत तो वेताळ झाला. स्मशानातल्या, विक्रमाच्या पाठीवरच्या आपल्या जुन्या वेताळाचे नाव एका मुखवटाधारी गोऱ्या माणसाला मिळाले आणि आम्हा मुलांना त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे १९७६मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर निर्माण केला. गोविंद ब्राह्मणिया यांनी तो चितारला : अंगात कुर्ता, खाली जीन्स, आणि बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला डाकू. सूडाच्या वाटेवर निघालेला हा मुलगा पुढे कायद्याच्या बाजूला येतो. परक्या नायकांच्या गर्दीतला तो आपल्यातला होता.

बाबा शिक्षक होते. माझ्या जन्माआधीपासून ते दादासाठी एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवरून हे अंक आणत. १९८८च्या मे महिन्यात त्यांनी ठरवले, की सगळे अंक बांधून घ्यायचे. पापाची तिकटीजवळच्या एका बाइंडरकडे बारा-बारा अंकांचे गठ्ठे गेले. ते शिवून, पुठ्ठा लावून, मशीनवर तीन बाजूंनी छाटून परत आले. कण्यावर सोनेरी अक्षरांत बाबांचे नाव. बाजाराच्या हिशेबाने बाबांनी त्या दिवशी पैसे मोजून सगळ्या अंकांची किंमत घालवली.

एक अंक मात्र गठ्ठ्यात नव्हता. बहादूरचा पहिला. बांधलेले खंड कपाटात जाणार आणि कपाटाला कुलूप लागणार, हे चौथीतल्या मला कळले होते. मी तो अंक आदल्या रात्री काढून गादीखाली लपवला. बाबांनी यादी ताडून पाहिली, तेव्हा संशय दादावर आला. तो सोळा वर्षांचा होता, सिनेमाला जायचा, रद्दीवाल्याशी त्याची ओळख होती. त्याने अंक विकला असे ठरले. दोन थपडा बसल्या. ‘मी नाही घेतला’ एवढेच तो म्हणत राहिला, आणि मी दाराशी उभा होतो. बाबा २००९मध्ये गेले. मधल्या काळात कधी कोणाची पाकिटातली नोट सापडेनाशी झाली, तर घरातली नजर आधी दादाकडे जाई.

ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीत दादाच्या तळमजल्यात शिरले. चार दिवसांनी कपाट उघडले तेव्हा खंडांचा लगदा झाला होता. पुठ्ठे सुजलेले, चिकटपट्ट्या सुटलेल्या, रंग एकमेकांत मिसळलेले. दुकानातला मालही गेला. त्याचे कर्ज दादा अजून फेडतो आहे. राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर, माझ्या पीएच.डी.च्या टिपणांच्या फाइलमध्ये, तो एक अंक कोरडा होता. न छाटलेला.

दिवाळीनंतर मी पुतण्याकडून एका संग्राहकाचा नंबर घेतला, कारण न सांगता. फोटो पाठवले. त्याने पिनांचे जवळून फोटो मागवले, मग आकडा सांगितला. डॉलरांच्या गोष्टींपुढे तो काहीच नव्हता. दादाच्या तीन हप्त्यांइतका होता. ‘आता हाताळू नका,’ एवढे त्याने दोनदा बजावले.

रविवारी दादाला बोलावून घेतले. अंक पुढे ठेवला. काय बोलायचे ते मी आठवडाभर ठरवत होतो, आणि नोकरीत वीस वर्षे तास-तासभर बोलत आलेल्या मला एक वाक्य जुळवता येईना. ‘मीच घेतला होता,’ असे कसेबसे म्हणालो. विकला तर किती येतील तेही सांगितले.

दादा बराच वेळ मुखपृष्ठाकडे पाहत राहिला. ‘कुठं होता?’
‘गादीखाली.’
‘माझ्याच?’
‘माझ्या.’

त्याने चष्मा लावला. मग अंगठा जिभेला लावून पहिले पान उलटले. प्रत्येक पानाला तो अंगठा जिभेकडे नेत होता. मला त्या संग्राहकाची सूचना आठवत होती. मी काही बोललो नाही. बत्तीस पाने वाचायला त्याला पाऊण तास लागला.