चितळांची वाट

आमचे शेत चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाला लागून आहे. शेताच्या वरच्या अंगाला दोन एकर रान आमच्याच मालकीचे आहे. दादाजान सांगत, "पूर्वी येथे चितळांचे कळप येत." मी मात्र तेथे एकही चितळ पाहिला नव्हता. रानात रायमुनियाची, म्हणजेच घाणेरीची, झुडपे माजली होती. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. तिच्या दाट सावलीत गवत वाढत नाही. मग चितळ खाणार काय?

अब्बा म्हणाले, "सगळे साफ करून येथे कापूस लावू." दादाजान गप्प झाले. मीच म्हणालो, "अब्बा, एक वर्ष थांबा ना!"

पावसाळ्यात जमीन ओली असताना आम्ही घाणेरी मुळासकट उपटली. नुसती कापली तर ती पुन्हा फुटते. मोह, बेल, आवळा ही झाडे राखली. दुसऱ्या वर्षी गवत वाढले. चैत्रात मोहाची फुले गळू लागली आणि एका पहाटे पाच चितळ ती वेचून खाताना दिसले.

हिवाळ्यात ते आमच्या हरभऱ्यात शिरले, तेव्हा अब्बा फार रागावले. पण त्यांनी शेताला कुंपण घातले. रान तसेच ठेवले. दादाजान आता नाहीत. मोह फुलला की मी पहाटे उठून चितळांची वाट पाहतो.